विश्लेषण : सांडपाणी वीजकेंद्राला देणारी जलवाहिनी ‘९० टक्के पूर्ण’ असूनही कोरडी का राहते? नागपूरला जे जमले ते मराठवाड्यात जमेल का?

ताडकळस (जि. परभणी) : शहरात वापरून झालेले पाणी शुद्ध करायचे, ते जलवाहिनीने कारखान्याला किंवा वीजकेंद्राला द्यायचे आणि धरणातले तेवढे पाणी पिण्यासाठी व शेतीसाठी वाचवायचे, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. नागपूरने ती प्रत्यक्षात आणून दाखवली आहे. तरीही अनेक शहरांत प्रक्रिया प्रकल्प उभे राहतात, त्यातून पाणी बाहेर पडते आणि पुन्हा नाल्यालाच मिळते. अडचण बहुतेक वेळा शुद्धीकरणात नसते. ती प्रकल्पाच्या फाटकापासून गिऱ्हाइकाच्या टाकीपर्यंतच्या जलवाहिनीत आणि ती टाकण्याआधी करायच्या करारात असते. परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद पडलेले पाहिलेल्या मराठवाड्यासाठी हा विषय महत्त्वाचा आहे. तो मुळापासून समजून घेऊ.

मराठवाड्याचा या विषयाशी संबंध काय?

परळीच्या वीजकेंद्राला पाणी मिळते ते परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात गोदावरीवर असलेल्या खडका बंधाऱ्यातून. बंधाऱ्यात पाणी नसेल तर वरच्या धरणातून सोडावे लागते. धरणच आटले असेल तर वीजकेंद्र थांबते. फेब्रुवारी २०१३ मध्ये हे केंद्र पाण्याअभावी बंद पडले. जुलै २०१५ मध्ये ते पुन्हा बंद करावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, विजेची मागणीही होती. नव्हते ते फक्त पाणी.

यात वावगे काही घडले असे नाही. राज्याच्या जलधोरणात पिण्याचे पाणी पहिले, शेती दुसरी आणि उद्योग तिसरा, असा क्रम आहे. त्यामुळे टंचाईत उद्योगाचे पाणी आधी तुटणार हे ठरलेले असते. ज्यांचे पाणी तोडता येत नाही त्यांचे हाल वेगळेच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या ‘जलदूत’ गाडीच्या पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली, तेव्हा एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर येऊ लागले.

हा २५ लाख लिटरचा आकडा लक्षात ठेवावा. नागपूरच्या पहिल्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला १३ कोटी लिटर आहे. म्हणजे अशा ५२ गाड्यांएवढे पाणी, रोजच्या रोज आणि तेही शहराने एकदा वापरलेले.

नागपूरने नेमके काय केले?

नागपूर शहराची तहान मुख्यतः पेंच प्रकल्पावर भागते. त्याच पाण्यावर शेतीचा हक्क आहे आणि कोराडी व खापरखेडा या वीजकेंद्रांचीही भिस्त आहे. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन नवे संच उभारायचे ठरले, तेव्हा त्यांच्यासाठी जादा पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न होता. दुसरीकडे महापालिकेपुढे नाग नदीत जाणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न होता.

२००८ मध्ये नागपूर महापालिका आणि महानिर्मिती यांच्यात करार झाला. महापालिकेने सांडपाणी द्यायचे. भांडेवाडी येथे प्रक्रिया करून ते जलवाहिनीने सुमारे १६ किलोमीटरवरील कोराडीला न्यायचे. प्रकल्पाला केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून अनुदान मिळाले आणि उरलेला भार महानिर्मितीने उचलला. शिवाय सांडपाण्यापोटी महापालिकेला वर्षाला सुमारे १५ कोटी रुपये द्यायचे ठरले. क्षमता १३० एमएलडी. एक एमएलडी म्हणजे दिवसाला १० लाख लिटर.

करारापासून प्रत्यक्ष पाणी पोहोचेपर्यंत काही वर्षे गेली. कोराडीचे नवे संच २०१५ ते २०१७ या काळात सुरू झाले. त्यानंतर महापालिकेने भांडेवाडीलाच खासगी सहभागातून २०० एमएलडीचा दुसरा प्रकल्प उभा केला आणि त्याचेही पाणी वीजकेंद्रांकडे वळवले.

या व्यवस्थेची किंमत जुलै २०१९ मध्ये कळली. पेंचमधील साठा इतका खालावला होता, की नागपुरात दिवसाआड पाणीपुरवठा करावा लागला. वीजकेंद्रे पूर्वीप्रमाणे सगळे पाणी पेंचमधूनच उचलत असती, तर ती वेळ आधीच आली असती.

नागपूरच्या या उदाहरणात क्रम महत्त्वाचा आहे. गिऱ्हाईक आधी ठरले, किती पाणी घ्यायचे आणि काय मोल द्यायचे ते ठरले, मग प्रकल्प आणि जलवाहिनी झाली. बऱ्याच ठिकाणी हा क्रम उलटा असतो. आधी अनुदानातून प्रक्रिया प्रकल्प होतो आणि ‘पाणी कोणाला द्यायचे’ हा विषय उद्घाटनानंतर निघतो.

सांडपाणी कितपत शुद्ध करावे लागते?

घरातून बाहेर पडणाऱ्या मैलापाण्यात सुमारे ९९.९ टक्के पाणीच असते. उरलेल्या ०.१ टक्क्यात सगळी घाण. ती काढण्याचे ढोबळमानाने तीन टप्पे आहेत.

पहिल्या टप्प्यात जाळ्यांवर प्लास्टिक, चिंध्या अडवतात, वाळू आणि जड गाळ खाली बसू देतात. दुसऱ्या टप्प्यात टाक्यांमध्ये हवा सोडून जिवाणू वाढवतात. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य हे जिवाणू खातात. पाणी किती घाण आहे हे ‘बीओडी’ या मापाने मोजतात, म्हणजे त्यातली घाण कुजण्यासाठी किती प्राणवायू लागतो. कच्च्या मैलापाण्यात हा आकडा लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या घरात असू शकतो; दुसऱ्या टप्प्यानंतर तो १० ते ३० पर्यंत उतरतो. तिसऱ्या टप्प्यात बारीक गाळणी आणि क्लोरीन. त्यानंतर पाणी दिसायला नळाच्या पाण्यासारखेच असते.

वीजकेंद्राला हे पाणी मुख्यतः थंडाव्यासाठी लागते. ते शीतक मनोऱ्यातून पुन्हा पुन्हा फिरते, त्यातले बरेचसे वाफ होऊन जाते आणि क्षार मागे उरतात. म्हणून वीजकेंद्राची हरकत वासापेक्षा अमोनिया, फॉस्फेट आणि क्षारांना जास्त असते. अमोनिया तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या खातो, फॉस्फेटमुळे थर बसतो, शेवाळ वाढते. पाणी कोणत्या प्रतीचे हवे हे करारात आकड्यांनी लिहिलेले नसेल, तर पहिल्याच महिन्यात वाद होतो. महापालिका म्हणते पाणी चांगले आहे, केंद्र म्हणते चालणार नाही, आणि व्हॉल्व्ह बंद होतो.

‘९० टक्के काम पूर्ण’ याचा अर्थ काय?

रस्ता ९० टक्के झाला, तर तेवढ्यावरून गाड्या धावतात. शाळेच्या दहा खोल्यांपैकी नऊ झाल्या, तर नऊ वर्ग भरतात. जलवाहिनीचा हिशोब असा नसतो. ५० किलोमीटरपैकी ४९ किलोमीटर ९८० मीटर नळ टाकले आणि रेल्वे रुळाखालचे २० मीटर राहिले, तर टोकाला मिळणारे पाणी शून्य. प्रगती अहवालात काम ९९ टक्क्यांच्या पुढे दिसते आणि टाकी कोरडी असते.

राहणारे तुकडेही ठरलेलेच असतात. मोकळ्या रानातून नळ भराभर पुढे सरकतो, कारण तिथे काम सोपे आणि मोजमापाप्रमाणे देयकही लगेच निघते. मागे राहतात ती रेल्वेची आणि महामार्गाची ओलांडणी, नदी-नाल्यावरचे पूल, वस्तीतला अरुंद रस्ता आणि ज्या शेतकऱ्याचा मोबदला ठरलेला नाही त्याचे शेत. प्रत्येक ठिकाणी परवानगी देणारे खाते वेगळे. रेल्वेखाली उघडा चर खणता येत नाही. बाजूला खड्डा घेऊन यंत्राने आडवा नळ ढकलावा लागतो आणि त्यासाठी रेल्वेच्या अभियंत्यांनी आराखडा तपासून मान्य करावा लागतो.

म्हणून प्रकल्पाची खरी प्रगती किलोमीटरमध्ये विचारू नये. किती ओलांडण्या बाकी आहेत, त्यांच्या परवानग्या कोणत्या टेबलावर आहेत आणि किती जमिनीचा ताबा मिळालेला नाही, हे विचारावे. अनुभवी अभियंते ओलांडण्यांची कामे आधी सुरू करतात आणि सरळ रान शेवटी ठेवतात.

नळ जोडून झाला की लगेच पाणी सोडता येते का?

नाही. आधी टप्प्याटप्प्याने दाबाची चाचणी होते. नळाचा एक भाग दोन्ही बाजूंनी बंद करून पाण्याने भरतात, नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाब देतात आणि तो काही तास टिकतो का ते पाहतात. सांधा गळत असेल तर पुन्हा खोदकाम. त्यानंतर पूर्ण नळ हळूहळू भरतात, कारण आत अडकलेली हवा बाहेर काढावी लागते. त्यासाठी उंचवट्यांवर हवेचे व्हॉल्व्ह असतात.

यात घाई का नको, हे एका हिशोबाने कळेल. समजा, दिवसाला ३० एमएलडी पाणी ५० किलोमीटर न्यायचे आहे. त्यासाठी सुमारे ६०० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे दोन फुटी नळ लागेल. त्यातून पाणी सेकंदाला सुमारे १.२ मीटर वेगाने जाईल. हा माणसाच्या चालण्याचा वेग झाला. पण या नळात एका वेळी सुमारे १४ हजार टन पाणी असते. वीज अचानक गेली आणि पंप थांबले, तर चालते १४ हजार टन पाणी एकदम अडते आणि दाबाची लाट नळातून मागे-पुढे धावते. तिला ‘वॉटर हॅमर’ म्हणतात. ती झेलणाऱ्या टाक्या आणि व्हॉल्व्ह बसवलेले नसतील, तर नवा कोरा नळ पहिल्याच महिन्यात फुटू शकतो. ज्या भागात वीज दिवसातून अनेकदा जाते, तिथे हा खर्च टाळून चालत नाही.

आणखी एक गोष्ट. याच वेगाने एका टोकाचे पाणी दुसऱ्या टोकाला पोहोचायला जवळपास १२ तास लागतात. तेवढ्या वेळात क्लोरीन उडून जातो आणि नळात पुन्हा जिवाणू वाढू शकतात. म्हणून पाण्याची तपासणी प्रकल्पाच्या दाराशी करून भागत नाही, टोकालाही करावी लागते.

खर्चाचे गणित कुठे अडते?

नागपूरचा आकडा घेऊ. वर्षाला १५ कोटी रुपये आणि दिवसाला १३० एमएलडी. भागाकार केला तर हजार लिटरमागे तीन रुपयांपेक्षा थोडे जास्त पडतात. हे झाले सांडपाण्याचे मोल. शुद्धीकरण आणि वाहतुकीचा खर्च वेगळा.

आता आपल्या ५० किलोमीटरच्या काल्पनिक नळाकडे येऊ. एवढ्या लांबीत पाणी नळाच्या भिंतींना घासत जाते. त्या घर्षणावर मात करायला सुमारे १२० मीटर उंचीवर पाणी चढवण्याएवढी ताकद लागते. वाटेतला चढ यात धरलेलाच नाही. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हजार लिटरला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. युनिटला आठ रुपये दर मानला, तर साडेतीन ते चार रुपये. म्हणजे नागपूरला सांडपाण्याचे जेवढे मोल मिळते, त्याहून जास्त पैसे केवळ पाणी ढकलण्यावर जातील. वर्षाचे बिल चार कोटींच्या घरात.

नळ मोठा घेतला तर? ८०० मिलिमीटरचा नळ टाकला, की घर्षण एकदम घटते. १२० मीटरऐवजी ३० मीटरच्या आसपास येते आणि विजेचे बिल पाव होते. पण नळाची किंमत वाढते. सुरुवातीचा खर्च अनुदानातून आणि विजेचे बिल महापालिकेच्या तिजोरीतून, अशी विभागणी असेल, तर निविदेत स्वस्त नळ निवडण्याचा मोह होतो आणि त्याचे व्याज पुढची तीस वर्षे बिलात भरावे लागते. नागपूरचे अंतर १६ किलोमीटर होते, ही त्या प्रकल्पाची सगळ्यात जमेची बाजू.

अंतर जास्त असूनही प्रकल्प होऊ शकतात. चेन्नईत कोयंबेडू येथील ४५ एमएलडीच्या प्रकल्पातून सुमारे ६० किलोमीटरच्या जलवाहिनीने श्रीपेरुंबुदूर, ओरगडम भागातल्या कारखान्यांना पाणी जाते. तिथे पर्यायी पाणी फार महाग आहे, समुद्राचे पाणी गोडे करण्याचे प्रकल्प चालवावे लागतात, म्हणून हा हिशोब जमतो. सुरतने २०१४ मध्ये पांडेसरा औद्योगिक वसाहतीला ४० एमएलडी पाणी द्यायला सुरुवात केली. तिथे कापड रंगवणाऱ्या गिरण्या एकाच जागी आहेत. नवी मुंबईत कोपरखैरणे आणि ऐरोली येथे प्रत्येकी २० एमएलडीचे तृतीय टप्प्याचे प्रकल्प अमृत योजनेतून झाले आणि ते पाणी औद्योगिक पट्ट्यासाठी आहे. विखुरलेल्या कारखान्यांना पाणी द्यायचे तर एका नळाने काम होत नाही, गल्लीगल्लीत जाळे लागते आणि प्रत्येक जोडणीगणिक नवा करार.

नियम काय सांगतो?

जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणानुसार, सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या ५० किलोमीटरच्या परिघात असलेल्या औष्णिक वीजकेंद्रांनी ते प्रक्रिया केलेले पाणी वापरणे बंधनकारक आहे. त्याचा खर्च वीजदरात धरण्याची मुभाही आहे. राज्यानेही नोव्हेंबर २०१७ मध्ये सांडपाण्याच्या पुनर्वापराचे धोरण आणले.

नियम असूनही पाणी पडून राहते, कारण त्याआधीची साखळीच तुटलेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार, देशातील शहरांत दिवसाला ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होते. प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते २०,२३६ एमएलडीवर. म्हणजे जी यंत्रणा उभी आहे तिचाही मोठा भाग रिकामा आहे. महाराष्ट्रात ९,१०७ एमएलडी सांडपाण्यासमोर उभारलेली क्षमता ६,८९० एमएलडी आहे. प्रकल्प रिकामे राहण्याचे एक मोठे कारण म्हणजे घरांपासून तिथवर येणारी भुयारी गटारेच अपुरी आहेत. प्रकल्पाच्या मागे गटार नाही आणि पुढे जलवाहिनी नाही, अशी अवस्था असेल तर मधल्या टाक्यांचा उपयोग मर्यादितच राहतो.

परळीसाठी असे काही शक्य आहे का?

कागदावर हिशोब मांडून पाहू. शीतक मनोरे असलेल्या जुन्या वीजकेंद्रांसाठी पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये पाणीवापराची मर्यादा घातली : एका मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटर. त्या मापाने २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला २१ एमएलडी पाणी लागते. परळीत असे तीन संच आहेत, म्हणजे ६३ एमएलडी.

शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी १३५ लिटर आहे आणि त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते असे धरतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. २०११ च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या ३ लाख ७ हजार होती. त्या हिशोबाने एकट्या परभणीचे सांडपाणी ३३ एमएलडी. परळीच्या दीड संचाची सोय.

पण या हिशोबात तीन गृहीतके आहेत. पहिले, प्रत्येकाला रोज १३५ लिटर पाणी मिळते. मराठवाड्यातल्या शहरांत नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे वाचकाला सांगायला नको. जेवढे पाणी घरात येते, तेवढेच सांडपाणी बाहेर पडणार. दुसरे, ते सगळे भुयारी गटारातून एका जागी जमते. उघड्या नाल्यांतून वाहणारे पाणी वाटेत मुरते, उपसले जाते. तिसरे, अंतर. परभणी ते परळी हे अंतर सरळ रेषेत ५० किलोमीटरच्या थोडे पुढे आहे, तर लातूर त्या रेषेच्या काठावर. म्हणजे ज्या शहरांकडे पुरेसे सांडपाणी आहे ती परिघाच्या कडेवर, आणि परिघाच्या आत निम्म्या अंतरावर असलेली गंगाखेड व अंबाजोगाई ही गावे छोटी.

यात चौथी अडचण पावसाची. ज्या वर्षी गोदावरी भरून वाहते, त्या वर्षी वीजकेंद्राला ५० किलोमीटरवरून सांडपाणी विकत घ्यायची गरज वाटणार नाही. ज्या वर्षी गरज वाटेल, त्या वर्षी जलवाहिनी नुसती कागदावर असून उपयोग नाही. म्हणून असे करार ‘घ्या किंवा पैसे द्या’ या अटीवर करावे लागतात. पाणी उचलले नाही तरी ठरलेला आकार द्यायचा. एवढे बंधन घ्यायला कोणी तयार नसेल, तर जलवाहिनीच्या खोदाईला हात न लावलेला बरा.

असे असले, तरी सांडपाण्याचा एक गुण धरणाच्या पाण्यात नाही. पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम असल्यामुळे टंचाईत शहराचे पाणी सर्वांत शेवटी तुटते, आणि म्हणून त्यातून निघणारे सांडपाणीही सर्वांत शेवटी आटते. उद्योगासाठी यापेक्षा भरवशाचा स्रोत या भागात दुसरा नाही.

नदीकाठच्या शेतकऱ्यांचे काय?

हा प्रश्न प्रकल्प अहवालात सहसा शेवटच्या पानावर असतो. शहराच्या नाल्याचे पाणी वाया जाते असे आपण म्हणतो, पण खालच्या बाजूला त्यावर मोटारी बसलेल्या असतात. भाजी, चारा, ऊस त्यावर निघतो. पाणी घाण आहे हे त्या शेतकऱ्यालाही माहीत असते. पण उन्हाळ्यात ते हमखास असते. जलवाहिनी सुरू झाली की ते थांबते. बंधाऱ्यातले पाणी खाली सोडण्यावरून परभणी आणि नांदेड जिल्ह्यांत होणारा वाद गोदाकाठाला नवा नाही. सांडपाण्याला किंमत आली, की त्यावरही तसाच वाद होणार हे गृहीत धरून आधीच वाटप ठरवावे लागेल.

कर्नाटकाने वेगळा मार्ग घेतला. बेंगळुरूच्या कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील दुसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध केलेले पाणी २०१८ पासून दुष्काळी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. प्रकल्पाची क्षमता ४४० एमएलडी. तलाव भरले, विहिरींना पाणी आले. त्याच वेळी तिसरा टप्पा न करता पाणी सोडल्याने भूजल दूषित होईल, ही हरकत न्यायालयापर्यंत गेली. त्यातून घ्यायचा धडा साधा आहे : पाणी जमिनीत मुरवायचे असेल तर तपासणीचे आकडे सतत आणि सर्वांना दिसतील असे हवेत.

हे पाणी पिण्याच्या नळात मिसळण्याची भीती खरी आहे का?

जाणूनबुजून पिण्यासाठी वापरणारी शहरे आहेत. नामिबियाची राजधानी विंडहूक १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळते. सिंगापूरने २००३ मध्ये ‘न्यूवॉटर’ सुरू केले. त्यातला मोठा वाटा उद्योगांना जातो. मात्र तिथली गाळणी आणि देखरेख वेगळ्या दर्जाची आहे. नागपूरसारख्या प्रकल्पातले पाणी पिण्यासाठी नाही आणि तसा दावाही नाही.

भीती आहे ती चुकून होणाऱ्या जोडणीची. रस्त्याकडेने दोन सारखे नळ गेलेले असतील आणि पाच वर्षांनी कोणी प्लंबर नवी जोडणी द्यायला आला, तर कोणता नळ कसला हे त्याला कळायला हवे. म्हणून अमेरिकेत अशा पाण्याचे नळ जांभळ्या रंगाचे ठेवण्याची पद्धत पडली. रंग, जमिनीत नळावर पुरलेली सूचनापट्टी आणि अचूक नकाशा हे तिन्ही जलवाहिनीच्या कामातच धरायला हवेत.

ताडकळससारख्या गावांनीही जलवाहिनीची वाट पाहायची का?

मुळीच नाही. जलजीवन मिशनचा मापदंड माणशी ५५ लिटर आहे. दहा हजार वस्तीच्या गावातून त्या हिशोबाने दिवसाला साडेचार लाख लिटरच्या आत सांडपाणी निघते, अर्धा एमएलडीसुद्धा नाही. एवढ्यासाठी पंपगृह आणि लांब जलवाहिनी परवडणार नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी जिथल्या तिथे मुरवले. गटारे उघडी राहिली नाहीत, डास हटले आणि हा प्रयोग पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. शोषखड्ड्याला विटा, खडी आणि एक मजबूत टाके पुरते. काम रोजगार हमीतून करता येते.

शहरांचा प्रश्न मात्र शोषखड्ड्यांनी सुटणारा नाही. तिथे गटार, प्रक्रिया आणि जलवाहिनी हे तिन्ही लागते आणि तेही याच क्रमाने नव्हे. सर्वांत आधी लागतो तो रोज, ठरल्या दराने, ठरलेल्या प्रतीचे पाणी घेणारा आणि तसे लिहून देणारा ग्राहक. त्यानंतर ओलांडण्यांच्या परवानग्या, मग नळ.

आपल्या शहरात असा प्रकल्प जाहीर झाला, तर नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत : पाणी घेणाऱ्याची सही झाली आहे का? किती ओलांडण्यांची परवानगी बाकी आहे? आणि पंपांचे विजेचे बिल तीस वर्षे कोण भरणार? या तिन्हींची उत्तरे लेखी असतील, तर प्रकल्प पूर्ण होण्याची आशा धरता येईल. नसतील, तर ‘९० टक्के काम पूर्ण’ ही बातमी पुढची कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा वाचायला मिळेल.